पॅसेजभर खाकी कागद

सासूबाई पडल्या त्या सकाळी आमचा अबोला चालू होता. पाचवा दिवस होता. कारण सांगायला लाज वाटते, पण सांगते. एक टोपली. कांदे ठेवायची जुनी बांबूची टोपली, आतून-बाहेरून कागदाच्या लगद्याने लिंपलेली, काळी पडलेली. रत्नागिरीकडच्या गावाहून त्यांनी ती लग्नानंतर मुंबईला आणली, चाळीतल्या खोलीतून भाईंदरच्या या वन बीएचकेत आणली, आणि मी ती न विचारता भंगारवाल्यासाठी दाराबाहेर ठेवली. त्यांनी ती आत आणली, जागेवर ठेवली, कांदे भरले आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. मीही काही कमी नाही. माझा तापटपणा सासरी-माहेरी सगळ्यांना पुरून उरलाय. मीही बंद केलं.

त्या सकाळी मी पॅसेज पुसला. बेडरूमच्या दारापासून बाथरूमच्या दारापर्यंत अकरा फुटांचा अरुंद पॅसेज, आणि त्यात बिल्डरने घातलेल्या तोंड दिसावं इतक्या गुळगुळीत टाइल्स. पाणी जरा जास्तच झालं होतं. बादली उचलून वळले तर सासूबाई बेडरूमच्या दारात उभ्या. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, ओलं आहे. दोनच शब्द. पण अबोला मी का मोडू? मी तोंड बंद ठेवलं आणि बादली घेऊन बाल्कनीकडे गेले. मागून आवाज आला तेव्हा वळून बघायच्या आधीच मला कळलं होतं काय झालंय ते.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत नवीन बॉल बसवला. शुद्धीवर आल्यावर नवऱ्याने विचारलं, "आई, पडलीस कशी?" त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "चक्कर आली रे." फरशी ओली होती हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. मी आता लिहितेय म्हणून तिसऱ्या कुणाला कळतंय. तेव्हा मला त्यांचा इतका राग आला होता. शिव्या घातल्या असत्या, मुलाला सांगितलं असतं, तर मी भांडले तरी असते. त्यांनी मला भांडायलाही जागा ठेवली नाही.

घरी आल्यावर नियमांची यादी आली. वाकायचं नाही. खाली बसायचं नाही. पायावर पाय टाकायचा नाही. वाकलात तर नवा बॉल जागेवरून निसटेल आणि परत ऑपरेशन, आणि या वयात दुसरं ऑपरेशन झेपेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. चालायचं मात्र रोज. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय.

फिजिओथेरपीसाठी मीरा रोडहून एक मुलगी स्कूटीवर यायची, आठवड्यातून दोनदा. गोड बोलायची. "आजी, पाय उचला. घसटू नका." आजी घसटायच्याच. पलंगापासून बेडरूमच्या दारापर्यंत फरफटत यायच्या आणि दारात थांबायच्या. पुढे पॅसेज. त्या चकचकीत टाइल्सकडे बघून त्यांच्या कपाळावर घाम यायचा. "आज नको, उद्या," म्हणायच्या आणि मागे फिरायच्या. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची ठेवली होती. तिच्यावर बसवायला, उठवायला, साफ करायला मी. त्या सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून बसायच्या. ज्या बाईने मला एवढ्या वर्षांत कधी केसही विंचरू दिले नाहीत, त्या बाईची मी साडी वर करत होते.

मग माझ्या लक्षात आलं की त्या जेवत नाहीत. भाकरीतली अर्धी ठेवायच्या, चहा दोन घोट. मी म्हटलं, "आई, औषधं पोटात जातात, खाल्लं पाहिजे." म्हणाल्या, "खाल्लं की मग पुढचं सगळं आलं ना गो." म्हणजे खुर्चीवर बसायला लागू नये म्हणून बाई उपाशी राहत होती.

ऑपरेशनला महिना होत आला तसं त्या फिजिओच्या मुलीने मला स्वयंपाकघरात बोलावलं. या वेळी गोड बोलली नाही. "काकू, मांडीचे मसल्स जातायत. या महिन्यात आजी स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत गेल्या नाहीत, तर मग नाही जाणार. मग बेडच. आणि पाय उचलतच नाहीत त्या. घसटत चालल्या तर उंबऱ्याला अडकून पुन्हा पडतील." मी मान डोलावली. ती गेल्यावर ओट्याला टेकून उभी राहिले आणि स्वतःला मनातल्या मनात नको नको ते बोलले.

आम्ही काय करून पाहिलं नाही? रबरी मॅट टाकली, तर वॉकरची बुचं तिच्यात रुतायची. खरखरीत पट्ट्या चिकटवल्या, त्या आठवड्यात कडेने उचलल्या. नवऱ्याने पेणकरपाड्याहून टाइलवाला आणला. तो म्हणाला, टाइल्स फोडून खरबरीत घालतो, आठ दिवस लागतील. आठ दिवस हातोडे, धूळ, आणि आई त्याच घरात पलंगावर. त्यांना हलवणार कुठे? नवरा म्हणाला, "बघू." त्याचं बघू म्हणजे काय ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलंय.

एका दुपारी कांदा काढायला गेले आणि त्या टोपलीकडे बघत राहिले. कडेची एक खपली निघालेली होती, ती मी नखाने ओढली. निघेना. सुरीचं टोक घालून उचकटायचा प्रयत्न केला, तरी निघेना. पन्नास वर्षांपूर्वीचा रद्दी पेपर, आणि माझी सुरी वाकत होती. फोनवर मी कधीतरी पाहिलं होतं, लोक जमिनीवर कागद चिकटवतात, चुरगाळून, आणि वरून पॉलिश मारतात. सुरकुत्या तशाच राहतात म्हणून पाय घसरत नाही. तेव्हा मी हसले होते. आता टोपली घेऊन बेडरूममध्ये गेले.

"आई, हिला कागद कसा लावलात तुम्ही?"

त्यांनी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. टोपलीचं नाव त्या भांडणानंतर पहिल्यांदाच निघत होतं. "का? आता कागद सोलून भंगारात देणारेस?"

मी ऐकून घेतलं. घ्यायलाच हवं होतं. मग काय करायचं डोक्यात आहे ते सांगितलं. त्यांनी टोपली मांडीवर ओढून घेतली. नंतर म्हणाल्या, "कागदावर पाय देऊ?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे चुकून पुस्तकाला, वहीला पाय लागला की हात आपोआप खाली जातो, कागदाला लावून कपाळाला लागतो. मी अजूनही करते. माझी कॉलेजात शिकलेली नणंद करते. आणि मी या बाईला अकरा फूट कागदावरून चालायला सांगत होते.

"टोपलीला पण पेपरच लावलात ना? त्यात कांदे ठेवता."

"तो लगदा. भिजवून, मेथ्या घालून वाटला की अक्षर राहत नाही. अक्षर राहिलं नाही की मग तो नुसता चिखल." मग म्हणाल्या, "कोरा असेल तर चालेल. पण एक अक्षर नको. एक चित्र नको. मला खाली वाकता येत नाही, नमस्कार करता येणार नाही. माझ्याकडून पाप नको घडवूस."

"एक अक्षर नसेल," मी म्हटलं. "शब्द देते."

दुसऱ्या दिवशी केबिन रोडच्या बाजारात गेले. शाळेच्या पुस्तकांना कव्हरं घालतात त्या खाकी कागदाचा रोल घेतला. हार्डवेअरवाल्याकडे सुतारकामाचा पांढरा गम आणि लाकडाला मारायचं तेलाचं मॅट पॉलिश मागितलं. "भाभी, कौनसे लकडी पे मारना है?" मी म्हटलं, "कागज पे. फर्शी पे कागज चिपका रही हूँ." तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "दो दिन में उखड़ जाएगा. मेरे पास वापस मत लाना."

आणि तसंच झालं. बाथरूमपाशी दोन टाइल्सवर करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी कोपरा धरून ओढला तर सगळा कागद सापाच्या कातीसारखा अख्खा निघाला. मी तो हातात घेऊन बेडरूमच्या दारात उभी राहिले. रडायलाच आलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "आण इकडे." उलटा करून पाहिला, बोट फिरवलं. "कोरडाच लावलास. आधी पाण्यात भिजव, पीळ, चुरगाळ, मग खळीत बुडव. त्याचा जीव मऊ झाल्याशिवाय धरत नाही. आणि त्या गुळगुळीत टाइलला आधी घास, तिला कुठेतरी धरायला जागा नको?"

त्यानंतर त्यांनी हे काम हातातच घेतलं. पलंगावरून. मी टाइल्स खरखरीत पॉलिश पेपरने घासल्या, दोन दिवस, खांदे भरून आले. त्या आतून विचारायच्या, "चमक गेली?" मी म्हणायचे गेली. "नीट बघ." बघितलं की कुठेतरी राहिलेली असायची. गमात मेथ्यांचं पीठ घालायला लावलं त्यांनी. मी म्हटलं, हा गम आहे, खळ नाही, याला मेथ्या कशाला. "झुरळ लागू नये म्हणून. तुझ्या गमाच्या डब्यावर लिहिलंय का झुरळ लागणार नाही म्हणून?" लिहिलेलं नव्हतं. घातलं. सगळ्या घराला मेथीचा वास. शेजारीण विचारून गेली, कुणी बाळंतीण आलीय का.

पॅसेज आम्हालाही लागायचा, म्हणून उभे दोन भाग केले. आधी डावी अर्धी बाजू, ती सुकेपर्यंत उजवीकडून भिंतीला चिकटून जायचं. हाताच्या पंजाएवढे कागदाचे तुकडे फाडायचे. कात्री लावायची नाही, हे सासूबाईंचं. कापलेली कड उठते, फाडलेली बसते. भिजवून, पिळून, गमात बुडवून एकावर एक चढवत लावायचे, आतला वारा तळव्याने कडेला काढायचा, वरून पुन्हा गमाचा हात. आणि मग थांबायचं. थांबणं हे माझ्यासारखीचं कामच नाही. त्यात आपल्याकडची खाडीची हवा, कपडे वाळत नाहीत तिथे कागद कधी वाळणार. दिवसभर टेबलफॅन. मी दर तासाला बोटाने चाचपायचे. त्या आतून म्हणायच्या, "बोट लावू नकोस. टिचकी मार. खडखड वाजला तर सुकला." तीन दिवसांनी डावी बाजू खडखड वाजली. पॉलिश मारलं. त्यांना मोबाईलमध्ये फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "सारवल्यासारखं दिसतंय गो." त्या दिवशी त्यांनी पूर्ण भाकरी खाल्ली.

मला वाटतं तिथेच मी हुरळून गेले.

उजवी बाजू करताना बाथरूमच्या उंबऱ्यापाशी येऊन कागद संपला. वीतभर जागा उरली. संध्याकाळ झाली होती, फिजिओवाली मुलगी त्या आठवड्याच्या शेवटी येणार होती, महिना संपत होता. एका वितीसाठी उद्या केबिन रोड, परवा सुकणं, म्हणजे आणखी दोन दिवस गेले. गॅसखालच्या खणात पिशव्या कोंबलेल्या असतात. त्यात मिठाईवाल्याची एक खाकी पिशवी मिळाली. तोच रंग, तोच कागद. एका बाजूला लाल रंगात गणपती छापलेला, खाली दुकानाचं नाव. नाव फाडून टाकलं. गणपती राहिला.

तो फाडून टाकला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण गणपतीच्या मधोमध फाडायला माझा हात धजेना. अंगठा आणि बोट दोन्ही बाजूंना लावून उभी होते, आणि फाडवेना. मग मी काय करावं? चित्राची बाजू खाली केली, कोरी बाजू वर, आणि अख्खा तुकडा चिकटवून टाकला. स्वतःला समजावलं की वरून कोराच आहे, शब्द मोडला असं कुठे झालं? गमही तळाला गेला होता, तेव्हा त्या एका तुकड्यावर वरून गमाचा हात मारायचा राहिला. कोण बघतंय, म्हटलं.

दोन दिवसांनी पॉलिशचा पहिला हात मारला. कागद गडद झाला, छान मधासारखा. उंबऱ्यापाशी आले, ब्रश फिरवला, आणि पाहते तर वरून गम नसलेला तो तुकडा तेल पिऊ लागला. भजीच्या कागदासारखा पारदर्शक होत गेला. आणि खालून लाल रंग वर यायला लागला. आधी मुकुट, मग कान, मग सोंड. मी ब्रश हातात धरून बघत राहिले. पाच मिनिटांत गणपती अख्खा वर आला. आणि उलट्या बाजूने दिसत असल्यामुळे डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा झाला होता. ज्याचं सोवळं कडक, ज्याला घरात आणायला माणसं घाबरतात, तो आमच्या बाथरूमच्या दारात, पायाखाली.

ओल्या फडक्याने पुसायला गेले, पॉलिश आणखी आत मुरलं. नखाने कड उचलायला गेले, उचलेना. सासूबाईंच्या पद्धतीने चिकटवलेला कागद होता, तो उचलणार कसला. वर पायपुसणं टाकायचं म्हणून हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं, गणपतीवर पायपुसणं? बादली ठेवून पाहिली. तेही बरं दिसेना, आणि वॉकर जाणार कुठून. पॅसेज एवढा अरुंद की वॉकर आला की बाजूला जेमतेम एक माणूस अंग चोरून मावतं. वळसा घालून जायचं म्हटलं तरी जागा नव्हती.

नवऱ्याला सांगितलं. तो वाकून बघून म्हणाला, "आईला एवढं दिसणार नाही." मी म्हटलं, तुझ्या आईला तांदळातला खडा चष्म्याशिवाय दिसतो. मला काय दिसत होतं ते मी त्याला सांगितलं नाही. त्या चालत येतील, उंबऱ्यापाशी पाय पडेल, खाली बघतील, आणि हात आपोआप खाली जाईल. विचार करायला वेळच नसतो त्यात. त्या वाकतील. बॉल निसटेल. आणि पडल्या किंवा वाचल्या, तरी या कागदावर पुन्हा पाय ठेवणार नाहीत. पहिल्या वेळी मी तोंड बंद ठेवून पाडलं होतं. या वेळी शब्द देऊन पाडणार होते.

एकच उपाय होता, वरून दुसरा खाकी तुकडा. पण ओल्या पॉलिशवर तो धरणार नव्हता. पॉलिश पूर्ण वाळेपर्यंत तीन दिवस कुणी पाय द्यायचा नाही असं मी घरात सांगून ठेवलं होतं, आम्ही डाव्या बाजूनेच जायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी नवरा ऑफिसला गेला. सासूबाई पडून होत्या. मी म्हटलं, "आई, अर्ध्या तासात येते, उठू नका." केबिन रोडला जाऊन एक कागद आणि गमाची छोटी बाटली घेतली. रिक्षा मिळेना तर पळत आले. वय काय, पळते काय.

दार उघडलं आणि पॅसेजच्या तोंडाशी सासूबाई. वॉकर धरून, बेडरूमच्या दारातून निघून, कागदावर दोन पावलं पुढे आलेल्या. एकट्या.

"आई, थांबा."

"थांब म्हणू नकोस. मला जायचंय."

"मी खुर्ची आणते."

"खुर्ची नको." आवाज चढला नव्हता. "परवापासून सुकलाय म्हणतेस. टिचकी मारून बघितली मी वॉकरने. वाजतोय."

त्यांना धरून थांबवणं शक्य नव्हतं, हात लावला तर तोल जाईल. आणि खरं सांगायचं तर दीड महिन्यात त्या पहिल्यांदा पॅसेजमध्ये उभ्या होत्या, आणि त्यांच्या कपाळावर घाम नव्हता. मागे फिरा कुठल्या तोंडाने सांगणार होते? मी कागद-बाटली टाकली, भिंतीला पाठ घासत त्यांच्या बाजूने पुढे सटकले आणि उंबऱ्यापाशी जाऊन खाली बसले. तळवा त्या गणपतीवर ठेवला. दुसरं काही सुचलंच नाही.

वॉकर उचलला जायचा, ठक्. मग दुखरा पाय कागदावरून घसटत यायचा, खर्र. मग चांगला पाय. ठक्, खर्र. मी त्यांच्या पावलांकडे बघत होते. पाच फूट राहिले. चार. एकदा दुखऱ्या पायाचा अंगठा सुरकुतीला अडकला, त्या हलल्या, वॉकर कुरकुरला. सावरल्या. पुढे आल्या. वॉकरचे पाय माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबले.

"तू काय करत्येस तिथे बसून?"

"इथे जरा ओलं आहे," मी म्हटलं.

बोलले आणि माझं मलाच काय वाटलं ते सांगता येणार नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हात काढ."

"आई, तुम्ही आधी वॉकर घट्ट धरा. वाकायचं नाही. काही झालं तरी वाकायचं नाही, मला सांगा तसं."

"हात काढ म्हणतेय ना."

मी हात काढला. त्यांनी खाली पाहिलं. मी खालूनच त्यांच्याकडे बघत होते, आणि मला दिसलं की उजव्या हाताची बोटं वॉकरवरून सुटतायत. खांदा पुढे झुकायला लागला. तो हात सत्तर वर्षांची सवय करत होता, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मी दोन्ही हातांनी वॉकरचे पाय धरले. "आई, नाही. कागद संपला होता. मी पिशवी लावली. मला फाडवलं नाही, म्हणून उलटा लावला, वर येईल असं वाटलं नव्हतं. चूक माझी आहे. तुमच्याकडे पाप नाही येत याचं. पाया पडते, वाकू नका."

हात तसाच हवेत राहिला. मग पुन्हा वॉकरवर आला. एक एक बोट आवळलं गेलं.

"उजव्या सोंडेचा दिसतोय," त्या म्हणाल्या.

"उलटा दिसतोय. डाव्याच सोंडेचा आहे."

"मग ठीक आहे." श्वास घेतला. "माझ्या वाटणीचा नमस्कार तू कर. नीट कर."

मी भिंतीला चिकटून, अंग चोरून, उजवा हात त्या गणपतीवर ठेवला, कपाळाला लावला, पुन्हा ठेवला. काय मागितलं ते आठवत नाही, मागितलं एवढं आठवतं. वॉकर माझ्या डोक्याजवळून उचलला गेला आणि उंबऱ्यापलीकडे बाथरूममध्ये टेकला. माझा हात अजून जमिनीवरच होता, काढायचं भानच नव्हतं.

"हलू नकोस," त्या म्हणाल्या.

दीड महिना ज्या पायाला ती मुलगी उचला उचला म्हणत होती, तो पाय माझ्या तोंडासमोर होता. आधी टाच सुटली. मग चवडा सुटला. पाय वर आला, थरथरत होता, पोटरीवरची शीर ताठ झाली होती. वीतभर वर गेला. गणपतीवर पडू द्यायचा नव्हता त्यांना, माझ्या हातावर पडू द्यायचा नव्हता. माझ्या बोटांवरून, उंबऱ्यावरून पलीकडे गेला आणि आत टेकला. मागोमाग चांगला पाय गेला.

"बघत काय बसल्येस," आतून आवाज आला. "दार ओढून घे."

मी दार ओढलं. आतून कडी सरकवल्याचा आवाज आला. कडी लावायची नाही, पडलात तर दार फोडावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्या मुलीने सांगितलं होतं, मी स्वतः पन्नास वेळा सांगितलं होतं. दीड महिन्यात त्यांच्या आणि माझ्यामध्ये पहिल्यांदा एक बंद दार होतं. कडी काढा असं मी म्हटलं नाही. तिथेच कागदावर बसून तोंडावर ओढणी दाबून रडले, त्या बाहेर येईपर्यंत.